फक्कीच्या रेषा आणि प्लायवूडची बॅट

पिकलबॉल हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तेव्हा आम्हाला खरोखरच वाटले की, आमच्या पुतण्याला लोणच्याच्या कारखान्यात नोकरी लागली! इंग्रजीत पिकल म्हणजे लोणचे, एवढे इंग्रजी आम्हालाही येते. बारावी होऊन पोरगा वर्षभर घरी बसून होता. ओळखीपाळखीतून उपनगरातल्या एका मोठ्या गृहसंकुलाशेजारी त्याला काम मिळाले आणि संध्याकाळी घरी येऊन त्याने सांगितले, "काका, पिकलबॉलवर लागलो." आम्ही विचारले, "आंब्याचं की लिंबाचं?" तो हसून हसून बेजार झाला.

काम असे की, पाळीप्रमाणे जाऊन कोर्ट झाडायची, जाळ्या ताणायच्या, कोणी किती तास घेतले ते वहीत लिहायचे, फुटके चेंडू वेगळे काढायचे आणि शेवटची पाळी असेल तर दिवे बंद करून कुलूप लावायचे. दिवसभर खेळ डोळ्यांसमोर. वीस वर्षांचा पोरगा, हातपाय शिवशिवणारच. एके संध्याकाळी चौघांच्या खेळात एक गडी आला नाही. उरलेल्या तिघांनीच त्याला बोलावले, हातात बॅट दिली. वीस-पंचवीस मिनिटे तो खेळला आणि चांगला खेळला. तेवढ्यात तिथले व्यवस्थापक आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कामाला ठेवलंय, खेळायला नाही." त्या जागेचे नाव आम्ही येथे देत नाही. पोराची भाकरी अजून तेथेच आहे.

त्या रात्री तो जेवला नाही. बऱ्याच वेळाने उठला, धाकट्या बहिणीच्या दप्तरातला खडू घेतला आणि खोलीतल्या फरशीवर आख्खे कोर्ट काढून आम्हाला समजावून सांगू लागला. कोणी कुठे उभे राहायचे, सर्व्हिस कुठून कुठे जाते, गुण कोणाला मिळतो. आम्ही पन्नाशी ओलांडलेले, आयुष्य वर्कशॉपमध्ये यंत्रापुढे उभ्याने काढलेले. रक्तातली साखर वाढली आहे, रोज चालत जा, असे डॉक्टरांनी वर्षभर सांगूनही आम्ही चाललो नव्हतो. पण त्या फरशीवरच्या रेषा पाहून, का कोण जाणे, आम्हाला खेळावेसे वाटले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे आम्ही, आमचे मेहुणे, बेस्टमधून निवृत्त झालेले शेजारचे कंडक्टरकाका आणि अंगणवाडीच्या ताई, एका भाड्याच्या कोर्टावर जाऊन आलो. तासाचे बाराशे रुपये. माणशी तीनशे. तीनशे रुपयांत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. खेळून बाहेर पडलो तेव्हा चौघांचेही अंग घामाने भिजलेले, तोंडे फुललेली, आणि चौघेही मनातल्या मनात तोच हिशेब करीत होतो. रिक्षा न करता चालत घरी आलो. वाटेत काका म्हणाले, "खेळ झकास आहे. पण हा आपला नव्हे."

काकांचे हे वाक्य पुतण्याने खोडून काढले. त्याला या खेळाचा इतिहास पाठ होता. तिथे येणाऱ्या एका बाईंनी त्याला सांगितला होता आणि पुढे त्याने स्वतः वाचून काढला होता. तो थोडक्यात सांगतो, कारण आमच्या पुढच्या सगळ्या उद्योगाचे मूळ त्यातच आहे.

१९६५ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे (राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे). तेथील सिएटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांचे घर होते. हे गृहस्थ राज्याच्या विधिमंडळात होते, पुढे १९७३ पासून बारा वर्षे अमेरिकन काँग्रेसमध्येही निवडून गेले. सुटीत पोरे कंटाळली होती. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण धड साहित्य सापडेना. तेव्हा प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल-टेनिसच्या बॅटी आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन पोरांना खेळायला लावले. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होती. चेंडू जमिनीवर चांगला उसळतो हे पाहून ती ३६ इंचांवर उतरवली. काही दिवसांत बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे मित्र येऊन मिळाले. टेबल-टेनिसच्या बॅटी टिकेनात, तेव्हा मॅक्कॅलम यांनी घराच्या तळघरात प्लायवूड कापून बॅटी केल्या. घरातल्या लहानथोर सगळ्यांना एकत्र खेळता यावे, एवढाच हेतू. नियमही खेळता खेळता ठरत गेले.

नावाच्या दोन कथा आहेत. एक अशी की, प्रिचर्डांच्या पत्नी जोन यांना नौकांच्या शर्यतीतली 'पिकल बोट' आठवली. इतर नावांत न घेतलेले, उरलेसुरले वल्हेकरी ज्या नावेत बसवतात ती पिकल बोट. हा खेळही बॅडमिंटन, टेनिस आणि टेबल-टेनिस यांच्या उरल्यासुरल्यातून झालेला, म्हणून पिकलबॉल. दुसरी कथा सांगते की, त्यांच्या कुत्र्याचे नाव पिकल्स होते. घरच्यांचे म्हणणे, कुत्रे नंतर आले आणि खेळावरून त्याचे नाव ठेवले. आम्हाला पहिली कथा पटते. उरल्यासुरल्यांची नाव म्हटल्यावर ती आम्हाला आवडणारच!

१९६७ साली शेजाऱ्याच्या अंगणात पहिले कायमचे कोर्ट झाले, १९७२ साली कंपनी निघाली, १९८४ साली अमेरिकेत संघटना झाली. त्याच सुमारास बोइंग विमान कारखान्यातील आर्लेन परांटो या अभियंत्याने विमानात वापरतात तशा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या फळीपासून हलकी बॅट बनवली. आज दुकानात मिळतात त्या महागड्या बॅटी तिच्याच वंशातल्या. २०२२ साली वॉशिंग्टन राज्याने पिकलबॉलला राज्याचा अधिकृत खेळ केले. आपल्याकडे मुंबईचे सुनील वालावलकर यांनी कॅनडात हा खेळ पाहिला, साहित्य इकडे आणले आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी केली. म्हणजे भारतातल्या पिकलबॉलचा पाळणा मुंबईतच हलला. गेल्या काही वर्षांत शहराशहरांतून भाड्याची कोर्टे निघाली, आणि २०२५ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय पिकलबॉल संघटनेला राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिली.

"काका, त्यांनी प्लायवूडच्या बॅटीवर सुरू केला," पुतण्या म्हणाला. "आपल्या खालच्या मजल्यावर सुतारदादा राहतात."

झाले! आम्ही कामाला लागलो. आमच्या वसाहतीत लग्नकार्यासाठी सिमेंटचा कोबा केलेला आहे. मातीवर हा चेंडू उसळत नाही, त्याला कडक जमीन लागते, म्हणून कोबा सोयीचा. मापे अशी : कोर्ट ४४ फूट लांब, २० फूट रुंद. बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाचेही हेच माप आहे. टेनिसच्या दुहेरी कोर्टाला याच्या तिपटीहून जास्त जागा लागते, म्हणून दाटीवाटीच्या वस्तीत टेनिस होत नाही, हे होऊ शकते. मात्र चारी बाजूंना पळायला मोकळी जागा हवी. निदान ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद एवढी धरावी. मध्ये जाळी. जाळीपासून दोन्ही बाजूंना सात-सात फुटांवर आडवी रेषा. तिच्यामागे उरलेल्या पंधरा फुटांचे मधोमध उभी रेषा मारून दोन चौक. बॅडमिंटनचे कोर्ट आधीच आखलेले असेल तर फक्त जाळीजवळची रेषा सहा इंच मागे न्यायची.

आखणीला गवंडीकाम करणारे दोघे आले. आम्ही टेप धरून लांबी-रुंदी मोजली आणि झाले म्हणून मोकळे झालो. त्यातल्या एकाने नुसते पाहून सांगितले, "गुण्यात नाही." मग कोपरा ते कोपरा दोरी धरली. दोन्ही तिरप्या दोऱ्या ४८ फूट ४ इंच भरल्या पाहिजेत. आमची एक दोरी फूटभर जास्त होती. पुन्हा आखले. कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी फक्की मारली, ती पहिल्याच खेळात पायांना लागून गेली. नंतर रंगारी भावाने चुन्यात सरस घालून ब्रशने रेषा ओढून दिल्या. त्या पुष्कळ दिवस राहिल्या.

जाळीची गंमत झाली. क्रीडा मंडळाची जुनी व्हॉलीबॉलची जाळी पडून होती, ती बांधली. पहिलाच चेंडू जाळीला लागून थांबायचा तो आरपार गेला! व्हॉलीबॉलच्या जाळीच्या भोकातून हा चेंडू सहज निघतो. मग बॅडमिंटनची जाळी मागून आणली. रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून त्यात पाइप रोवले. जाळी कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच हवी, असा नियम आहे. आमची जाळी मध्ये आपोआपच दोन इंच लोंबली. तेवढे एक काम न करता नियमाप्रमाणे झाले.

बॅटीचा नियम असा की, मुठीसकट लांबी १७ इंचांपेक्षा जास्त नको, आणि लांबी व रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त नको. सुतारदादांनी १६ बाय ८ इंचांची कापली. पहिली नऊ मिलिमीटर प्लायची. किराणा दुकानात तागडीवर टाकली तर साडेतीनशे ग्रॅमच्या वर! दुकानातली बॅट दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असते. त्या जड बॅटीने खेळून मेहुण्यांचे कोपर आठ दिवस दुखत होते. मग सहा मिलिमीटरच्या प्लायची केली, मुठीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या, कडा घासून गोल केल्या आणि वर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. वजन पावणेतीनशेच्या आत आले. दुकानच्या बॅटीची सर तिला नाही, हे आम्ही स्वच्छ सांगतो. चेंडू तिच्यावरून दणकन जातो, हलका फटका साधायला वेळ लागतो. पण शिकता येते.

चेंडू मात्र विकतच घ्यावे लागले. ते घरी होत नाहीत. प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, २६ ते ४० भोकांचा असतो. उघड्यावर खेळायला ४० लहान भोकांचा, टणक चेंडू घ्यावा, तो वाऱ्याने कमी भरकटतो. बंदिस्त हॉलमध्ये २६ मोठ्या भोकांचा चालतो. चेंडू तडकतात. खेळ सुरू करण्याआधी बोटांनी दाबत फिरवून पाहावा, बारीक तडा असला की उसळी चुकते आणि उगाच भांडणे होतात.

आता नियमांविषयी. सगळे सांगत बसत नाही, खेळता खेळता कळतात. पण तीन गोष्टी आधी समजल्या पाहिजेत.

सर्व्हिस मागच्या रेषेच्या मागे उभे राहून, कमरेच्या खालून, हात वर जाईल असा फिरवत मारायची आणि समोरच्या तिरप्या चौकात टाकायची. एकच संधी. ज्यांना हवेतला चेंडू मारता येत नाही त्यांनी तो हातातून खाली सोडून टप्पा घेतल्यावर मारावा, त्याला परवानगी आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी तशीच सुरुवात केली. पुढचे म्हणजे दोन टप्प्यांचा नियम. सर्व्हिस आली की तिचा टप्पा पडू द्यायचाच, आणि परत आलेल्या चेंडूचा सर्व्हिस करणाऱ्यांनीही टप्पा पडू द्यायचाच. त्यानंतर हवेत मारायला मोकळीक. या एका नियमाने ताकदवान गड्याचा जोर निम्मा होतो. पहिल्याच फटक्याला पुढे धावून ठोकता येत नाही.

तिसरी गोष्ट जाळीजवळच्या सात फुटांची. त्या पट्ट्याला या खेळात 'किचन' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघर! त्यात उभे राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. मारून झाल्यावर तोल जाऊन पाय आत पडला तरी चूक. टप्पा पडलेला चेंडू मारायला मात्र आत जायला हरकत नाही, मारून लगेच बाहेर यायचे. पुतण्या हे ओरडून ओरडून शिकवत होता, "ताई, किचनमधून बाहेर या! ताई, किचनमध्ये थांबू नका!" अंगणवाडीच्या ताईंनी बॅट कमरेला लावली आणि म्हणाल्या, "दादा, बाईला किचनमधून बाहेर ये म्हणणारा हा पहिलाच खेळ बघते मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चौघींना आणले. एक मावशी तर साठीच्या. साडी नेसून धावता येईना, तर सुनेचा पंजाबी ड्रेस घालून आल्या, आणि चाळीच्या जिन्यावर बसलेली मंडळी हसली तरी परत गेल्या नाहीत.

गुण सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो, अकरा गुणांचा डाव, दोनच्या फरकाने जिंकायचा. दुहेरीत तीन आकडे पुकारतात : आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपल्या जोडीतला सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. एका बाजूच्या दोघांचीही सर्व्हिस गेली की मग समोरच्यांची पाळी. फक्त डावाच्या आरंभी पहिल्या बाजूला एकच सर्व्हिस करणारा असतो, म्हणून सुरुवात 'शून्य-शून्य-दोन' अशी होते. हे गणित भल्याभल्यांना कळत नाही. आमचे कंडक्टरकाका मात्र एकदाही चुकत नाहीत. स्टॉप पुकारावा तसे खणखणीत पुकारतात, आणि कोणी हुज्जत घातली तर तिकीट मागावे तसा हात पुढे करतात.

या खेळातला खरा आनंद जोरात मारण्यात नाही, हे समजायला आम्हाला तीन महिने लागले. किचनच्या रेषेपाशी दोन्ही बाजू उभ्या राहतात आणि चेंडू जाळीवरून अलगद समोरच्याच्या किचनमध्ये सोडतात. या हलक्या फटक्याचे नाव 'डिंक'. लोणचे झाले, स्वयंपाकघर झाले, आता डिंकही आला! बॅट घट्ट आवळून धरली की हा फटका जमत नाही. ताईंनी मावशींना शिकवले, "उलथनं धरता ना, तस्सं सैल धरा," आणि मावशींचा डिंक आमच्यापेक्षा आधी बसला. कमरेत वाकून, चेंडू खाली येईपर्यंत वाट पाहून त्या असा टाकतात की तरणी पोरे पुढे येऊन तोंडघशी पडतात. नवशिक्याने एवढे केले तरी पुरे : सर्व्हिस खोल टाकावी, परतीचा फटकाही खोल आणि उंच टाकावा, म्हणजे पुढे किचनच्या रेषेवर यायला वेळ मिळतो. जोडीदारासोबत पुढे-मागे एकत्र सरकावे. मधला चेंडू 'तुझा, तुझा' म्हणत दोघेही सोडतात, म्हणून ज्याचा असेल त्याने 'माझा' असे ओरडावे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीत 'माझा' कोण जास्त ओरडतो, याची चर्चा पाणवठ्यावर होते.

आता एक अप्रिय गोष्ट. चौथ्या महिन्यात एक उंच चेंडू डोक्यावरून गेला. आम्ही तोंड पुढे ठेवूनच मागे मागे धावत गेलो, टाच अडकली आणि उताणे पडलो. हात टेकला, मनगट सुजले. हाड मोडले नाही हे नशीब, पण दहा दिवस कामावर जाता आले नाही. आमच्यासारख्याचे दहा दिवस म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. पत्नीने तोंडावर काही म्हटले नाही, फक्त महिनाअखेरीला किराण्याची यादी आमच्या हातात दिली. पन्नाशी-साठीच्या पुढच्या खेळाडूंत पडून मनगट मोडण्याचे प्रकार अमेरिकेतही पुष्कळ होतात. तेव्हा हे नीट लक्षात ठेवावे : पाठीमागे उलटे कधीही धावू नये. आधी अंग वळवावे, मग जावे. जाता येणार नसेल तर चेंडू सोडून द्यावा, एक गुण गेला तर जातो. चपला घालून किंवा अनवाणी खेळू नये, उंच टाचेच्या पळण्याच्या बुटांनीही घोटा मुरगळतो. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. कोब्यावर पाणी सांडले असेल तर फडक्याने पुसल्याशिवाय खेळू नये. चेंडू जवळून डोळ्यावर येतो, म्हणून खेळाचा संरक्षक चष्मा घालून खेळावे. आणि आल्या आल्या ठोकाठोकी न करता पाच मिनिटे पोटऱ्या, खांदे सैल करावेत. ज्यांना हृदयाचे दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र आम्ही कल्पिली नव्हती अशी निघाली. ती म्हणजे आवाज. कडक चेंडू कडक फळीवर आपटला की टॉक असा टोकदार आवाज होतो. क्रिकेटचा आवाज अधूनमधून होतो, हा सेकंदा-दीड सेकंदाला एक. अमेरिकेत यावरून शेजाऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या आहेत. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर राहणारे एक भाऊ एका रविवारी सकाळी आठला खाली आले. रात्रपाळी करून सात वाजता घरी आलेले. डोळे लाल. हात जोडून म्हणाले, "तुमचा खेळ होतो, माझी झोप जाते."

खोटे कशाला सांगू, आम्ही आधी वाद घातला. मैदान सगळ्यांचे आहे, पोरे क्रिकेट खेळतात तेव्हा कोणी बोलत नाही, गणपतीत ढोल वाजतात तेव्हा कोणी बोलत नाही, वगैरे. ते काही न बोलता आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वर चला. दहा मिनिटं माझ्या खाटेवर बसा." आम्ही गेलो. पुतण्या आणि मेहुणे खाली खेळत राहिले. खिडकी बंद होती, पंखा चालू होता, तरी प्रत्येक टॉक कपाळात येऊन बसत होता. आम्ही स्वतः बावीस वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत. दहा मिनिटे पुरी व्हायच्या आतच खाली उतरलो आणि जाळी सोडायला सांगितली.

सकाळचा खेळ त्या दिवसापासून बंद. संध्याकाळी खेळायचे तर तेव्हा कोबा क्रिकेटवाल्या पोरांचा. त्यांच्याशी बोलणी करायला ताईच गेल्या, कारण निम्मी पोरे त्यांच्या अंगणवाडीत शिकलेली! मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्हाला मिळाले, अट एकच की आम्ही त्यांनाही खेळायला घ्यायचे. घेतले. आता ती पोरे आम्हाला अकरा-दोन, अकरा-तीन अशी धुतात. रात्रपाळीवाले भाऊ साडेपाचला उठून चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहतात आणि वरून रेषेचा निकाल देतात. तो शेवटचा असतो.

पुतण्याचे काय झाले, असे विचाराल. तो अजून त्याच ठिकाणी कामाला आहे. साप्ताहिक सुटीच्या दिवशी इकडे शिकवतो. मागच्या हिवाळ्यात एका खुल्या स्पर्धेत त्याचे नाव घालायचे ठरले. प्रवेश फी वसाहतीने वर्गणी काढून भरली, मावशींनी पन्नासाची नोट दिली. अडचण बॅटीची. मोठ्या स्पर्धांत मान्यताप्राप्त यादीतलीच बॅट चालते, सुतारदादांची प्लायवूडची तेथे कोण घेणार? ज्या बाईंनी त्याला खेळाचा इतिहास सांगितला होता, त्यांनी आपली जास्तीची बॅट दिली. दुसऱ्या फेरीत हरला. शेवटचा डाव नऊ-अकरा गेला. त्या ठिकाणी त्याच्या कोर्टावर नेहमी येणारे दोघे-तिघे खेळाडू त्याला पाहून चकित झाले आणि नंतर त्याच्याशी हात मिळवून गेले. व्यवस्थापकांच्या कानावर हे गेले असावे, ते काही बोलले नाहीत. मात्र आता कोर्ट रिकामे असले की शेवटच्या अर्ध्या तासात पोरांना खेळू देतात, तेवढेच.

सुतारदादांनी आतापर्यंत चौदा बॅटी केल्या. शेजारच्या दोन वसाहतींतूनही मागणी आली आहे, मजुरी ते घेत नाहीत, प्लायचे पैसे घेतात. आमची साखर कमी झाली आहे, गोळ्या चालूच आहेत. एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप पडला तेव्हा कोब्यावर बल्ल्या घासून निम्म्या रेषा गेल्या, उरलेल्या पावसाने नेल्या. पाऊस उघडला आहे. चुना आणून ठेवला आहे, सरस भिजत घातला आहे. मापाची दोरी कोणीतरी कपडे वाळत घालायला नेली आहे, ती मिळाली की शनिवारी आखणी.